कोंबड्याच्या शेपटीतलं पीस

५ ऑक्टोबर

वहिनी,

नमस्कार. माझं पत्र बघून दचकू नका, कोणाला काही झालेलं नाही. एक वस्तू मागायची आहे. दादाची कोळशाची इस्त्री, ती पितळी, झाकणावर कोंबडा असलेली. ठेवली आहे ना अजून?

वर्षअखेरीला मी संग्रहालयातून निवृत्त होतोय. जन्मभर लोकांच्या घरातल्या जुन्या किटल्या, कुलपं, कंदील, कात्र्या समोर ठेवून त्यांची जलरंगात चित्रं काढली. फोटो असताना चित्र कशाला, असं सगळे विचारतात. हल्ली मी उत्तर द्यायचं सोडलंय. चित्राखाली वस्तूचं नाव असतं आणि नंबर असतो. काढणाऱ्याचं नाव घालत नाहीत.

या वेळी आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, म्हणाल्या की शेवटचं चित्र तुमच्या आवडीच्या वस्तूचं करा, त्याखाली तुमचं नाव घालू. अट नेहमीचीच. चित्र आणि वस्तू शेजारी ठेवून त्या भिंगातून बघणार. जुळलं तर नाव. नाही जुळलं तर चित्र दुसऱ्याकडून करून घेणार.

इतकी वर्षं मला नावाचं काही वाटलं नाही. आता वाटतं, एकदा असावं.

इस्त्री आहे तशी पाठवा. दमलोय जरा, म्हणून इथेच थांबतो.

तुमचा,
रंगोबा (नाव तुम्हीच ठेवलेलं)


११ ऑक्टोबर

भाऊजी,

नमस्कार तुम्ही केलात, मी घेतला. मी मोठी, मला परत करायची गरज नाही.

तुमचे दादा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हा आलात, दोन दिवस भिंतीला टेकून बसलात, तिसऱ्या दिवशी बस धरलीत ती धरलीत. आणि आता पत्र येतं तर त्यात इस्त्रीची चौकशी. बरी आहे हो इस्त्री! तिला खोकला नाही, तिचे गुडघे दुखत नाहीत, तिला जिना चढताना धाप लागत नाही. वहिनीचं विचारलंत तर सांगीन.

दुकान चालू आहे, म्हणजे फळी उघडते आणि फळी लावते. विजेच्या इस्त्रीवर काम करते. उजवा खांदा संध्याकाळपर्यंत माझा राहत नाही, कोणा दुसऱ्याचा उसना आणल्यासारखा लटकतो. गिऱ्हाईक कमी झालंय. आताचे कपडे झटकले की सरळ होतात. माणसंच तेवढी चुरगळलेली राहतात.

इस्त्री आहे तशी पाठवा म्हणालात. अहो, अशी कशी पाठवीन? मोठ्या बाई भिंग लावून बघणार आणि म्हणणार, या घरात बाईमाणूस आहे की नाही? अख्खा रविवार पायरीवर बसून राखेनं आणि लिंबानं घासली. सगळी काजळी काढली. भोकाभोकांत काडी घालून पुसली. कोंबडा आता असा चमकतोय की कोणत्याही क्षणी आरवेल. शेजारची शिंपीणबाई म्हणाली, नवी घेतलीत का? माझा ऊर भरून आला.

बस चालवणारा आपलं गिऱ्हाईक आहे, त्याच्याकडे दिली आहे. चादरीत गुंडाळली आहे. चादर परत पाठवा, ती माझी आहे.

जेवता ना वेळेवर?

वहिनी


१८ ऑक्टोबर

वहिनी,

इस्त्री पोचली. चादर सोडली आणि मी खुर्चीत बसलोच.

हे काय केलंत?

रागावून लिहीत नाही, रागवायला ताकद लागते. पण तुम्हाला सांगायला हवं. आम्ही पितळ काढत नाही. पितळ दुकानात मिळतं. पितळेवर माणसांनी जे केलेलं असतं ते आम्ही काढतो. कुठे धूर लागलाय, कुठे हात लागलाय, कुठून पडली, कशी सांधली. ती काजळी म्हणजे दादाच्या सगळ्या सकाळी होत्या. तुम्ही त्या लिंबानं धुतल्यात.

आता माझ्यासमोर एक लख्ख वस्तू आहे आणि ती काही बोलत नाही.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मालकिणीला आठवत असेल तर तिच्याकडून लिहून घ्या, काजळी तिच्या आठवणीवरून घाला, तशी नोंद करू. बाकी सगळं मात्र वस्तूशी जुळलं पाहिजे.

तेव्हा लिहा. काय कुठे होतं ते सगळं लिहा. मी लहानपणी पाहिलंय, पण तेव्हा लक्ष कोळशाकडे असायचं.

चादर वेगळ्या पार्सलनं पाठवली आहे.

रंगोबा


२४ ऑक्टोबर

भाऊजी,

पत्र वाचून मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, कोळसा ओला आहे. विजेच्या इस्त्रीला कसला ओला कोळसा, पण कोणी विचारलं नाही. लोकांना माझ्याशी वाद घालायचा कंटाळा येतो.

मला काय माहीत हो घाण ठेवायची असते म्हणून? आमच्या आईनं शिकवलं, वस्तू घराबाहेर गेली की घराचं तोंड घेऊन जाते. म्हणून तोंड धुतलं. चुकलं.

आता डोळे मिटून सांगते.

दोन्ही अंगांना भोकं आहेत. प्रत्येक भोकाच्या वर काळी जीभ होती, वर निमुळती होत गेलेली. डाव्या अंगाच्या जिभा लांब, कारण हे डावीकडून फुंकायचे. पुढच्या टोकाला काजळी कमी, तिथे कापडानं सतत पुसलं जायचं. झाकणाच्या कडेला चिकट काळा काठ, मिशीसारखा. मी ह्यांना म्हणायची, तुमच्यापेक्षा इस्त्रीला मिशी चांगली आली आहे.

कोंबड्याच्या छातीवर काळं होतं, पण शेपटीवर कधीच नव्हतं. शेपटीला धरूनच झाकण उघडायचं ना. रोज सकाळी कोळसे भरताना हे त्या शेपटीला अंगठा लावायचे आणि म्हणायचे, “ऊठ रे बाबा, तू झोपलास तर मलाही झोपावं लागेल.” मी आतून ओरडायची, “तो पितळेचा आहे, तो दमत नाही. तुम्ही झोपा हवं तर!” झोपले नाहीत कधी. झोपले तेव्हा मी सांगितलेलं नव्हतं.

मुठीच्या खालच्या अंगाला एक जळकी खूण आहे, चण्याएवढी. ती आमच्या भांडणाची. नवरदेवाच्या कोटावर ह्यांनी तिकोनी डाग पाडला आणि माझ्यावर ढकलला. मी म्हटलं, मी काय नवरदेवाला हात लावला? हे एवढे हसले की हात हलला, निखारा उडाला आणि मुठीला जाऊन चिकटला. कोट मी रफू केला. नवरदेव काही महिन्यांनी स्वतःच म्हणाला, कोट गेला असता तरी चाललं असतं, लग्न राहिलं असतं तर बरं.

मूठ उजवीकडे जास्त झिजलेली, ते ह्यांचं. मागच्या बाजूला थोडी झिजलेली, ते माझं. शेवटच्या वर्षी मीच चालवायची. जड लागायची म्हणून मागे धरायची.

एवढं लिहून हात दुखला. तुमचे हात कसे आहेत? डोळे? त्या चष्म्याच्या काचा पुसत जा.

वहिनी


५ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं पत्र उशाशी आहे. फार उपयोग झाला. जिभा घातल्या. मिशी पण घातली.

सोबत एक कच्चं चित्र पाठवतो आहे. हे चाचणीचं, खरं चित्र मोठ्या कागदावर चाललंय. मधला भाग अजून व्हायचा आहे. कसं वाटतं ते लिहा, पण खरं लिहा, वहिनी म्हणून नको.

आणखी थोडं विचारायचं आहे. मुठीला तांब्याची तार गुंडाळली होती ना, भेग गेली म्हणून? तिचे वेढे घट्ट एकाला एक लागून आहेत की मधे फट आहे? शेवटचं टोक आत खोचलंय की बाहेर राहिलंय? आणि तळाच्या टोकाशी एक खोक होती, ती डावीकडे की उजवीकडे?

इथे हवा कोंदट आहे. खिडकीशी बसतो, तरी दुपारनंतर उजेड पुरत नाही. ऑफिसातले बाकीचे म्हणतात, दिवा लावा. दिव्यानं फरक पडत नाही.

रंगोबा


१२ नोव्हेंबर

भाऊजी,

चित्र आलं. दुकानातल्या टेबलावर टेकवून ठेवलं आणि चहा करायला आत गेले. तेवढ्यात शिंपीणबाई कपड्यांचा ढीग घेऊन आली आणि बाहेरून ओरडली, “अहो, ही इस्त्री जरा उचला ना, ढीग ठेवायचाय!” मी आतून म्हटलं, “तूच उचल की.” तिनं हात घातला आणि कागद धरून उभी राहिली. मग माझ्यावर चिडली. तिला वाटतं मी तिच्यासाठीच सापळा लावला होता. लावला नव्हता, पण आता वाटतंय लावायला हवा होता.

खरं लिहा म्हणालात. लिहिते.

मला चित्रातलं काही कळत नाही. आमच्या शाळेत चित्रकला म्हणजे मास्तरांनी फळ्यावर एक केळं काढायचं आणि आम्ही सगळ्यांनी काकडी काढायची. पण ही इस्त्री मी चारदा उन्हात नेऊन बघितली. कड कशी ओढलीत हो! तळाची धार बघून माझा हात आपोआप मागे आला, भाजेल म्हणून. खालची सावली तुम्ही निळी केलीत. मी म्हटलं, सावली कुठे निळी असते? म्हणून खरी विजेची इस्त्री टेबलावर ठेवून वाकून बघितलं. असते निळी. एवढी वर्षं टेबलाशी उभी राहिले आणि मला दिसली नाही.

आणि ती चकाकी! झाकणाच्या वळणावर. पांढरा रंग कुठून आणलात म्हणून बोट फिरवलं, तर तिथे रंगच नाही. नुसता कागद सोडलाय. कडेकडेनं सगळं रंगवत आणलंत आणि जिथे उजेड पडतो तिथे हात उचललात. हे मला फार आवडलं. मीही असंच बोलायला शिकायला हवं, असं हे म्हणायचे.

मधे मात्र धुकं आहे. व्हायचंय म्हणालात ना, होईल.

तारेचं विचारलंत ते वाचून मी जरा वेळ बसून राहिले. वेढे घट्ट आहेत, एकाला एक लागून. टोक बाहेर आहे, माझ्या बाह्या तिथेच अडकायच्या. खोक डावीकडे.

आणि एक राहिलंच. कोंबड्याच्या शेपटीत तीन पिसं आहेत ना, त्यातलं मागचं पीस तुटलेलं आहे, अर्ध्यातून. बघितलं असेलच तुम्ही. विसरू नका काढायला.

वहिनी


२० नोव्हेंबर

वहिनी,

हो, पीस पाहिलं. तुटकंच आहे. काढतो.

महिनाअखेरीला चित्र बाईंच्या टेबलावर द्यायचं आहे. इस्त्रीही त्यांच्याच ताब्यात जाईल. सहा डिसेंबरला त्या दोन्ही शेजारी ठेवून बघणार. तोवर त्या दौऱ्यावर आहेत.

तुम्ही चित्राबद्दल लिहिलंत ते दोनदा वाचून घेतलं. एवढ्या वर्षांत कोणी वाकून सावली बघितली नव्हती.

फार थकलोय. चित्र दिलं की झोपणार आहे.

रंगोबा


५ डिसेंबर

भाऊजी,

हे पत्र मी तुमच्या गावच्या बसस्टँडवर, बाकड्यावर बसून लिहिते आहे. दचकू नका, कोणाला काही झालेलं नाही. झालं ते कोंबड्याला.

सरळ सांगते, कारण फिरवून सांगायचं आता त्राण नाही.

तुम्ही तारेचं विचारलंत तेव्हाच मला खटकलं. मी राखेनं घासली ती काजळी गेली, हे खरं. पण तार कुठे जाईल? खोक कुठे जाईल? लिंबानं खोक निघत असती तर माझ्या गुडघ्यांना नसतं का चोळलं? इस्त्री तुमच्यासमोर टेबलावर, आणि तुम्ही मला विचारताय तारेचं टोक आत की बाहेर. कडा तेवढ्या धारदार आणि मधे धुकं. “दोनदा वाचून घेतलं” म्हणालात. वाचलं नाही म्हणालात, वाचून घेतलं.

म्हणून ते पिसाचं लिहिलं. ते खोटं होतं. तिन्ही पिसं धडधाकट होती. मला बघायचं होतं, तुम्ही काय म्हणता. तुम्ही म्हणालात, पाहिलं.

तुमचं पत्र आलं आणि मी हातातली इस्त्री बाजूला ठेवली. खोडी काढायची सवय, काढली. पण आता तुमच्या चित्रात तुटकं पीस आणि बाईंच्या टेबलावर सबंध कोंबडा! भिंगाला पहिलं तेच दिसणार. मग नाव कसलं आणि निवृत्ती कसली, सगळ्यांसमोर विचारतील, अहो तुम्हाला दिसत नाही का? आणि ते माझ्यामुळे. फोन करून काय सांगणार होते? मी खोटं बोलले म्हणजे, तुम्हाला दिसत नाही हे मला कळलंय, असंच सांगणं झालं. माझी जीभ तिखट आहे, पण तेवढी नाही.

म्हणून फळी लावली आणि बस धरली.

संग्रहालयाच्या दाराशी एक मिशाळ बसतो. म्हणाला, “आजी, तिकीट?”

म्हटलं, “माझ्या इस्त्रीला भेटायला आले आहे. तिला भेटायला तिकीट लागतं?”

“कोणती इस्त्री?”

“कोंबडेवाली. माहेरवाशीण आहे ती इथे. बरी ठेवली आहे की नाही बघून जाते.”

तो हसला आणि आत एका कारकुनाकडे घेऊन गेला. कारकून भला माणूस. कपाटातून काढून टेबलावर ठेवली. चित्र मात्र बाईंच्या कुलपात होतं, ते दाखवता येणार नाही म्हणाला. मी म्हटलं, नको, इस्त्रीच बघते. मग पदर तोंडाशी धरून खोकले आणि म्हटलं, बाबा, लांबून आले, घोटभर पाणी मिळेल?

तो पाण्याला गेला. मी शेपटीला अंगठा लावला. ह्यांचा अंगठा बसून तिथे खळगा झालाय, माझा बरोब्बर त्यात बसतो. मागचं पीस धरलं आणि इकडे वाकवलं, तिकडे वाकवलं. पितळ लवकर तुटत नाही हो. प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, झोप रे बाबा, आता झोप. मग तुटलं. अर्ध्यातूनच, लिहिलं होतं तसं. पाणी प्यायले, आभार मानले, बाहेर आले.

आता तुमचं चित्र खरं आहे. भिंग लावा नाहीतर दुर्बीण.

तिथून तुमच्या गल्लीत आले होते. तुम्ही जिन्यावरून उतरत होतात, भिंतीला हात लावून. वर येऊन तुम्हाला चकित करायचं ठरवलं होतं मी. तुम्ही खाली आलात, माझ्यासमोर दोन पावलांवर थांबलात, माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि पुढे गेलात. मी हाक मारली नाही. भाऊजी, मला येईना. आयुष्यात पहिल्यांदा मला काही बोलायला सुचलं नाही. हे असते तर त्यांनी पेढे... नको, हसू येत नाही.

बस लागली. पीस माझ्या पर्समध्ये आहे.

वहिनी


१० डिसेंबर

वहिनी,

हे पत्र त्या कारकुनाकडून लिहून घेतो आहे. पाणी आणून दिलं तोच. भला माणूस आहे, तुम्ही म्हणता तसा. तो आता हसतोय, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. मागची दोन पत्रंही त्यानंच वाचून दाखवली. कालचं वाचताना मधे थांबला होता.

डोळ्यांचं खरं आहे. दीड वर्ष झालं. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जातं, कडेकडेचं राहतं. औषध नाही म्हणतात. तुमच्याकडे आलो नाही त्याचं कारण तेच. दादाला निरोप देऊन आलो आणि पाठोपाठ हे सुरू झालं. तुम्ही एकट्या दुकान ओढताय, त्यात आंधळा दीर कशाला.

आता चित्राचं ऐका.

तुमचं पिसाचं पत्र आलं तेव्हा घाबरून “पाहिलं” असं कळवून टाकलं. मग काढायला बसलो. माझी आता एक पद्धत झाली आहे. डावा अंगठा वस्तूवर फिरवायचा आणि उजव्या हातानं, तिरकं बघत, काढायचं. तुमच्या सगळ्या खुणा मी अशा तपासल्या. चण्याएवढी जळकी जागा सापडली. तारेचं टोक सापडलं, रक्त आलं. खोक सापडली. तुमची मागची झीज सापडली, ती दादाच्या झिजेपेक्षा खोल आहे, हे तुम्ही लिहिलं नव्हतंत. मग शेपटीवर आलो. एक पीस, दोन पिसं, तिसरं. तिसरं सबंध लागलं. पुन्हा फिरवला. सबंध.

तेव्हा कळलं, वहिनींनी ओळखलं. पुन्हा पत्र घालून “नाही पाहिलं” असं लिहायची लाज वाटली.

म्हणून चित्रात मी तिन्ही पिसं सबंध काढली.

तुम्ही येऊन तोडलंत. वहिनी, तुम्ही मोडलंत ते एकटंच माझ्या चित्रात धड होतं.

सहा तारखेला बाईंनी भिंग लावलं. सगळं जुळलं, शेपटीशी थांबल्या. मी समोर उभा, मला ही भानगड ठाऊक नाही, तुमचं पत्र पोचायचं होतं. त्यांनी कारकुनाला विचारलं, हे पीस कधी तुटलं? तो बिचारा म्हणाला, काल मालकीणबाई येऊन गेल्या, त्यानंतर मी कपाटात ठेवताना बघितलं तर असं होतं. मला वाटलं संपलं. बाईंनी भिंग पुन्हा चित्रावर धरलं. मग म्हणाल्या, “म्हणजे सबंध कोंबडा आता फक्त या चित्रात आहे.” आणि कारकुनाला सांगितलं, नाव घाला.

फोटो असताना चित्र कशाला, याला मी उत्तर द्यायचं सोडलं होतं. तुम्ही दिलंत, तेही चोरून.

गल्लीत त्या दिवशी खळीचा वास आला होता. थांबलो त्यासाठीच. वाटलं, इस्त्री फार दिवस समोर ठेवल्यामुळे भास होतोय. तुम्ही होतात, हे माहीत असतं तर नमस्कार केला असता.

चाचणीचं चित्र तुमच्याकडे राहू दे, मधलं धुकं आता काही व्हायचं नाही. इस्त्री नवीन वर्षात पार्सलनं परत येईल.

रंगोबा


१६ डिसेंबर

भाऊजी,

आणि कारकूनदादा, तुम्हालाही. वाचताना थांबू नका, सलग वाचा.

पीस तुटलं नसतं तरी चाललं असतं, हे कळल्यावर मी पायरीवर बसून इतकी हसले की शिंपीणबाई पाणी घेऊन धावत आली. मग तिला सगळं सांगितलं, तर ती रडायला लागली. आता मी तिला पाणी दिलं. असा दिवस गेला.

चित्र मी दुकानात लावलं आहे, इस्त्रीच्या टेबलासमोर. खांदा भरून आला की मान वर करून त्याच्याकडे बघते. मधलं धुकं मला आता खुपत नाही. बघत राहिलं की तिथे हळूहळू सगळं येतं, तार, जळकी जागा, मागची झीज. माझी झीज खोल आहे हे तुम्ही मला सांगितलंत. मला वाटायचं, ती इस्त्री ह्यांनीच चालवली, मी नुसती शेवटी धरली. आता टेबलाशी उभी राहते तेव्हा जरा ताठ राहते. खांदा दुखतोच.

इस्त्री पार्सलनं पाठवायची नाही. आंधळा दीर कशाला म्हणालात. अहो, मला दिवसभर कपड्यांना बटणं आहेत की नाहीत हे अंगठ्यानं तपासणारं माणूस हवंच आहे. फुंकर डावीकडून घालता येते का तेवढं सांगा. दुकानामागची खोली रिकामी आहे. तिथे माझी ती चादर घातली आहे.

वर्ष संपलं की मी स्वतः न्यायला येते. तुम्ही इस्त्री मांडीवर घ्या, पीस माझ्याकडे आहेच, गावातला सोनार डाग देऊन लावील. बसमध्ये खिडकीशी मी बसणार, वाद घालायचा नाही. बाहेर काय काय दिसतंय ते मी तुम्हाला सांगत जाईन.

मधे एखादं खोटं घालीन. ओळखा.

वहिनी